अदलाबदलीचा प्रश्न

कांहीं प्रश्न असे असतात कीं, विचारणारा अगदीं काकुळतीस आलेला असतो आणि ऐकणाऱ्याला मात्र हंसूं आवरत नाहीं. गेल्या वसंतांत माझ्या एका बालमित्राचें इंग्लंडांतून पत्र आलें, तें या जातीचें होतें. हा मित्र डॉक्टर. पुण्यास शिकून १९७४ सालीं तो तिकडे गेला, तेथील सरकारी इस्पितळांत त्यानें उभा जन्म काढला, आणि आतां निवृत्त होऊन ऑक्सफर्डच्या बाजूस एका लहान गांवीं राहतो. हातानें पत्रें लिहिण्याची खोड आम्हां दोघांचीही सुटलेली नाहीं. चार पानें हवापाणी, गुडघेदुखी आणि नातवंडें यांवर खर्च केल्यावर शेवटीं त्यानें लिहिलें होतें : “माझी एम्. जी. बी. देऊन शेजारच्या गांवांतल्या एका गृहस्थाची ट्रायम्फ टी. आर. सिक्स घ्यावी कीं नाहीं, या विचारानें तीन महिने मला नीट झोंप नाहीं. पैशाची देवघेव नाहीं, गाडीस गाडी. तूं पस्तीस वर्षें पोरांना नीतिशास्त्र शिकविलेंस ना? मग सांग.”

मी हंसलों, हें कबूल करतों. सायकलीपलीकडे कोणत्याही वाहनाचें स्वामित्व मीं भोगलेलें नाहीं. आणि ज्या जगांत असंख्य माणसांना उद्यांच्या भाकरीची विवंचना आहे, त्या जगांत दोन शौकाच्या मोटारींपैकीं कोणती ठेवावी हा प्रश्न नीतिशास्त्राच्या दारांत येऊन उभा राहावा, याचें मला नवल वाटलें. परंतु “घेऊन टाक” किंवा “सोडून दे” असें दोन शब्दांचें उत्तर लिहावयास बसलों, तों लेखणी अडली. कोणतें लिहावें हें मला सांगतां येईना, आणि कां सांगतां येत नाहीं, तेंही सांगतां येईना.

वाचकांना या दोन वाहनांची थोडी ओळख करून देणें प्राप्त आहे. दोन्ही दोन आसनांच्या आणि उघडमीट होणाऱ्या कापडी टपाच्या. प्रवासाच्या सोयीपेक्षां प्रवासाच्या आनंदासाठीं केलेल्या. एम्. जी. हीं अक्षरें ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या नांवावरून आलीं. एम्. जी. बी. ही ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि १९८० सालीं तो कारखानाच बंद झाला. माझ्या मित्राची गाडी १९६६ सालची, लाल रंगाची; एंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घनसेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें पंचाण्णव अश्वांची. पहिल्या गिअरला वेग जुळवून घेणारी योजना नाहीं, म्हणून गाडी पुरती थांबण्यापूर्वीं तो घालूं गेल्यास ती करकरां दांत खाते. ट्रायम्फ ही कॉव्हेंट्रीची. टी. आर. सिक्स १९६८ च्या अखेरीस सुरू झाली आणि १९७६ पर्यंत चालली. सहा सिलिंडर, अडीच लिटरांचें एंजिन, आणि इंग्लंडांत विकलेल्या गाड्यांना कार्बुरेटरांऐवजीं दाबानें पेट्रोल फवारणारी यंत्रणा. तिचा चेहरामोहरा जर्मनीतील कारमान या कारखान्यानें घडविलेला. पहिली साधी, समजूतदार आणि जरा मंद. दुसरी दांडगी, देखणी आणि थोडी लहरी. गंमत अशी कीं, १९६८ सालीं झालेल्या एकीकरणामुळें हे दोन्ही कारखाने ब्रिटिश लेलँड या एकाच छपराखालीं आले, आणि ज्यांच्या चाहत्यांत हाडवैर, त्या दोघी एका घरच्या जावा होऊन बसल्या.

‘यांतली चांगली कोणती?’ असें विचारल्यास उत्तर निघत नाहीं. वेग, रूप, आवाज, सुटे भाग मिळण्याची सोय, गुडघ्याला पडणारा ताण, हीं सारीं चांगलेपणाचींच अंगें. पण तीं एका कांट्यावर तोलतां येत नाहींत. ॲरिस्टॉटलनें विनिमयाचा विचार करतांना म्हटलें आहे कीं, घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांची देवघेव व्हावयाची, तर दोन भिन्न वस्तूंना एक सामान्य माप हवें, आणि पैसा हें तें माप होय. येथें तें माप लावून झालें होतें. जाणत्यांनीं दोन्ही गाड्यांची किंमत सारखीच केली होती. म्हणजे पैशानें आपलें काम चोख बजावून अंग काढून घेतलें होतें.

मीं मित्राला उलट विचारलें कीं, त्या गृहस्थानें वर शंभर पौंड देऊं केले, तर तुझा निर्णय होईल काय? त्याचें उत्तर आलें, “मुळींच नाहीं.” हें उत्तर मला फार बोधक वाटलें. दोन वस्तु आपल्या मनाला खरोखर समान वाटत असत्या, तर शंभर पौंडांच्या भारानें पारडें झुकावयास हवें होतें. तें झुकत नाहीं, यावरून त्या समान नव्हेत. आणि एक दुसरीहून वरचढही नव्हे. त्यांचें मोजमापच निराळें. लग्न, धंदा, गांव सोडून जाणें, अशा मोठ्या निवडींत आपल्याला हाच अनुभव येतो, पण तेथें भीति आणि आशा यांचा धुरळा इतका उडालेला असतो कीं, कांहीं दिसत नाहीं. मोटारीच्या क्षुल्लक प्रश्नांत तें स्वच्छ दिसलें. प्रश्न लहान म्हणून मी हंसलों होतों. तो लहान होता म्हणूनच उपयोगी पडला.

आतां, निर्णय होत नसेल तर मनुष्य सामान्यतः करतो काय? जें हातीं आहे तें धरून ठेवतो. कॅनडांतील क्नेट्श नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९८९ सालीं या स्वभावाचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें कांहीं विद्यार्थ्यांना कॉफीचा एक पेला दिला, दुसऱ्या कांहींना चॉकलेटची मोठी वडी दिली, आणि थोड्या वेळानें दोघांनाही अदलाबदलीची मोकळीक दिली. तिसऱ्या गटाला प्रथमपासूनच ‘कोणतेंही एक घ्या’ असें सांगितलें होतें. त्यांपैकीं ५६ टक्क्यांनीं पेला घेतला. परंतु ज्यांच्या हातीं पेला आधींच पडला होता, त्यांतील ८९ टक्क्यांनीं तो सोडला नाहीं, आणि चॉकलेटवाल्यांतील ९० टक्क्यांनीं चॉकलेट सोडलें नाहीं. घटकाभर हातीं आलेल्या पेल्याची ही कथा! मग चाळीस वर्षें दारीं असलेल्या गाडीची काय वर्णावी? (पुढें २००३ सालीं लिस्ट या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, नित्य देवघेव करणाऱ्या मुरलेल्या व्यापाऱ्यांत ही ओढ फारशी आढळत नाहीं. यावरून व्यापारी शहाणे ठरतात, कीं त्यांच्या हातीं आलेली वस्तु त्यांची कधीं होतच नाहीं असें ठरतें, तें वाचकांनीं आपापल्या अनुभवावरून पाहावें.)

मीं हा प्रयोग मित्राला कळविला आणि मोठ्या ऐटींत लिहिलें कीं, तुझी निष्ठा म्हणजे केवळ संवय आहे. ती बाजूस ठेवून पाहा. त्यावर त्याचें जें उत्तर आलें, त्यानें माझी ऐट उतरली. तो लिहितो : “संवय म्हण. पण ती कशाची संवय आहे तें पाहा. या एंजिनाला दोन कार्बुरेटर आहेत. दोहोंनीं सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठीं रबराच्या नळीचें एक टोंक कानाला आणि दुसरें कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरून सूंऽऽ असा आवाज ऐकावयाचा, आणि दोन आवाज एक होईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. छातीला नळी लावून माणसें तपासलीं, तसेंच हें. मला हें पुढच्या आणि मागच्या कार्बुरेटरच्या आवाजांतलें अंतर आतां नळीवांचून कळतें. ही विद्या मी त्या गृहस्थाला गाडीबरोबर कशी देऊं? आणि त्याच्या पंपाची आणि फवाऱ्याची विद्या मी या वयांत कशी घेऊं? आम्ही दोघे आपापल्या गाड्या देऊं तेव्हां जें गमावूं, तें दुसऱ्याला मिळणारच नाहीं.”

या म्हणण्यावर मी बरेच दिवस विचार करीत होतों. अदलाबदलींत एकाचें गेलें तें दुसऱ्यास मिळालें, असें आपण गृहीत धरतों. परंतु परिचयानें आलेलें ज्ञान हस्तांतरित होत नाहीं. तें दोन्ही बाजूंनीं नाहींसें होतें आणि कोणाच्याच वहींत मांडलें जात नाहीं.

तरीही मी हटवादीपणानें एक शंका काढलीच. ज्या गाडीशीं तूं एकनिष्ठ आहेस म्हणतोस, ती गाडी कोणती? तिच्या एंजिनाच्या डोक्यावरचीं झडपांचीं बैठकें बदललेलीं आहेत, कारण शिसें घातलेल्या पेट्रोलची सार्वत्रिक विक्री इंग्लंडांत १९९९ च्या अखेरीस बंद झाली. रंग दोनदां, टप तीनदां, आसनांचें कातडें एकदां नवें झालें आहे. शिवाय १९८८ पासून तिकडे जुन्याच साच्यांवर एम्. जी. बी. चा सबंध नवा सांगाडा करून मिळूं लागला. म्हणजे मनांत आणल्यास जुन्या गाडींतील एक पत्राही न ठेवतां तीच गाडी उभी करतां येते! मिलिंदपञ्ह या पालि ग्रंथांत भिक्षु नागसेन यवनराजा मिलिंद याला हेंच विचारतो. राजा, तूं रथांतून आलास. मग आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि अखेरीस कबूल करतो कीं, या सर्वांच्या योगानें ‘रथ’ हें केवळ नांव व्यवहारांत येतें. माझा मित्र दरवर्षीं खंडेनवमीला त्या गाडीस हळदकुंकू लावून झेंडूचीं फुलें वाहतो. शेजारीपाजारी कौतुकानें पाहतात. मीं त्याला विचारलें, “तूं कोणाची पूजा करतोस? पत्र्याची कीं नांवाची?” त्यानें यावर कांहींच उत्तर दिलें नाहीं. मला वाटतें, माझा प्रश्न चतुर होता, पण वेळेचा नव्हता. कारण त्याच सुमारास त्याला निराळेंच कांहीं बोंचत होतें.

तें पुढच्या पत्रांत आलें. “आजवर तुला एक सांगितलें नाहीं,” असा त्याचा आरंभ होता. मोटारीच्या दाराखालीं दोन्ही बाजूंस लांबट पोकळ पेटी असते, तिला सिल म्हणतात. आपण उंबरठा म्हणूं. एम्. जी. बी. ला स्वतंत्र लोखंडी चौकट नाहीं. तिचा पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो, आणि उघड्या टपाच्या गाडींत तर या उंबरठ्यांवर तिची कंबर ताठ राहणें अवलंबून असतें. पाणी आणि रस्त्यावरचें मीठ यांनीं त्यांना आंतून गंज चढतो. बारा वर्षांपूर्वीं त्याच्या गाडीचा डावा उंबरठा कुजलेला निघाला. त्या वर्षीं हात आंखडता होता, म्हणून सबंध भाग कापून नवा घालण्याऐवजीं एका कारागिराकडून त्यानें कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा झाळून घेतला. वरून रंग दिला. बाहेरून पाहणाऱ्यास कांहींएक दिसत नाहीं. पूर्वीं दरसाल सरकारी नियमानें तपासणी होत असे. परंतु २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना तिकडे ती तपासणी सक्तीची राहिली नाहीं. म्हणजे त्या पत्र्याखालीं काय आहे, हें विचारणारें आतां कोणी उरलें नाहीं. “आणि तो गृहस्थ,” मित्र लिहितो, “ही गाडी मागतो याचें कारण असें कीं, त्याच्या वडिलांपाशीं याच वर्षाची, याच रंगाची होती. तो आला म्हणजे गाडीकडे ज्या डोळ्यांनीं पाहतो, त्या डोळ्यांना गंज दिसणार नाहीं. त्यानें मला एकही प्रश्न विचारलेला नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें माझ्यावर बंधनकारक आहे काय?”

येथें माझें हंसूं संपलें. तीन महिने झोंप नव्हती ती कशामुळें, हें आतां उमगलें. वेगाचा आणि रूपाचा काथ्याकूट आम्ही दोघांनींही खऱ्या प्रश्नावर पांघरूण घालण्यासाठीं चालविला होता. त्यानें जाणून, मीं नकळत.

हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. सिसेरोनें इ. स. पू. ४४ सालीं आपल्या मुलासाठीं कर्तव्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो घर विकणाऱ्या एका माणसाचें उदाहरण घेतो. घर रोगट आहे, लांकूड कुजलें आहे, खोल्यांतून सर्प निघतात. पण हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें काय? बाबिलोनचा डायोजिनीझ म्हणतो, कायद्यानें सांगावयास लावलेले दोष सांगावे, इतर नाहीं. घेणाऱ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाहीं, आणि ‘रोगट घर विकणें आहे’ अशी दवंडी पिटविणें हा तर निव्वळ वेडेपणा. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणें हें जर पाप, तर जाणूनबुजून एखाद्याला चुकूं देणें हें त्याहून मोठें पाप. सिसेरो शिष्याच्या बाजूनें निकाल देतो. वर्गांत मीं हें उदाहरण कितीदां तरी सांगितलें आहे, आणि प्रत्येक वेळीं मुलें एकमुखानें अँटिपेटरच्या पक्षाला मिळत. मीही मिळत असें. मात्र १९८१ सालीं माझी सायकल विकतांना मागचें चाक ‘आउट’ आहे, हें मीं घेणाऱ्यास सांगितलें नव्हतें. त्यानें विचारलें नव्हतें.

मीं मित्राला लिहिलें कीं, सांगितलेंच पाहिजे. कारणें देण्याच्या भरीस पडलों नाहीं, एकच लिहिलें. तो गृहस्थ आपल्या मुलाला शेजारीं बसवून ती गाडी हांकील, आणि त्या वेळीं तिची कंबर किती ताठ आहे, हें तुलाच ठाऊक असेल. नीतिशास्त्र सोडून दे. डॉक्टर म्हणून विचार कर. रोग्यानें विचारलें नाहीं म्हणून तूं कधीं गप्प बसलास काय?

मग त्या दोघांनीं ठरविलें कीं, प्रत्येकानें आपल्या गाडीचे दोष कागदावर लिहावे आणि एकमेकांस द्यावे. ही गोष्ट ऐकावयास सुंदर, पण तिच्या पोटांत एक अन्याय दडलेला होता. माझ्या मित्राची यादी चार पानें भरली. डावा उंबरठा अर्थातच पहिला. त्याखालीं गिअरपेटींतून झिरपणारें तेल, थंडींत कुरकुरणारें कुलूप, पावसांत उजव्या पायावर ठिबकणारें पाणी, सगळें. त्या गृहस्थाची यादी अर्ध्या पानाची होती. तो लबाड होता असें नव्हे. गाडी त्याच्यापाशीं अवघीं दोन वर्षें होती. आतां दोन कागद शेजारीं ठेवून कोणी त्रयस्थ वाचूं लागला, तर लाल गाडी मोडकी आणि पिवळी धडधाकट, असेंच तो म्हणेल. ज्यानें अधिक वर्षें जपलें, अधिक कान देऊन ऐकलें आणि अधिक खरें सांगितलें, त्याचाच माल कागदावर हिणकस ठरला. अँटिपेटरला हा पेंच सुचला नसावा. सत्य सांगण्याचें बंधन दोघांवर सारखें टाकलें, तरी जाणणाऱ्यावर त्याचा भार अधिक पडतो, आणि न जाणणारा आपोआप निष्कलंक दिसतो.

माझ्या मतें यावर उपाय सत्य कमी सांगणें हा नव्हे. अज्ञानाला अज्ञान म्हणून किंमत लावणें हा आहे. सुदैवानें त्या गृहस्थालाही आपल्या अर्ध्या पानाची लाज वाटली. त्यानेंच सुचविलें कीं, अर्धा-अर्धा खर्च करून दोन्ही गाड्या एका गॅरेजांत लिफ्टवर चढवाव्या. तेथें निघालें तें असें : डावा उंबरठा यादींत लिहिल्याप्रमाणेंच वाईट होता, त्याहून वाईट नव्हता, आणि ट्रायम्फच्या मागच्या चाकांना शक्ति वांटून देणारा डिफरन्शियल ज्या खुंट्यांवर चौकटीला धरलेला असतो, त्यांतील एकीच्या बुडाशीं चीर होती. या जातीच्या गाडीचा तो ठरीव रोग आहे म्हणे. कारागिरानें दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च सांगितला, तो जवळजवळ सारखा भरला, आणि पुन्हां एकदां कांटा मधोमध येऊन उभा राहिला!

यावर माझा मित्र खो खो हंसला, असें तो लिहितो. मला तें खरें वाटतें. दोघांनीं आपापली दुरुस्ती आधीं करून घेतली. अदलाबदल मात्र केली नाहीं, आणि नाकारलीही नाहीं. विम्याचीं कागदपत्रें नीट करून सप्टेंबर महिन्यापुरत्या गाड्या बदलून घ्याव्या, एवढेंच ठरलें. ट्रायम्फचा क्लच जड आहे आणि त्यामुळें डावा गुडघा बोलूं लागला आहे, पण तिसऱ्या गिअरमध्यें टेंकडी चढतांना सहा सिलिंडरांचा जो सूर निघतो, त्यासाठीं असा एखादा गुडघा द्यावयास हरकत नाहीं, असें पहिल्या आठवड्याचें वृत्त आलें.

शेवटचें पत्र मागल्या सोमवारीं मिळालें. तो बागेंत गुलाबाच्या फांद्या छाटीत होता, तेव्हां रस्त्याच्या वळणापलीकडून त्याची लाल गाडी येत असल्याचा आवाज आला. गाडी दिसण्यापूर्वींच त्याला कळलें कीं, मागचा कार्बुरेटर पुढच्यापेक्षां कमी हवा ओढीत आहे. गृहस्थ उतरला, त्याच्याबरोबर त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगाही होता. नमस्कार-चमत्कार होण्याच्या आधींच मित्रानें घरांतून रबरी नळी आणली, गृहस्थानें बॉनेट उचलून धरलें, आणि नळीचें टोंक मित्रानें त्या मुलाच्या कानाशीं नेलें. “एकदां पुढचा ऐक,” तो म्हणाला, “मग मागचा. आणि काय फरक वाटतो तें मला सांग.”